माळवदावरचा कोबा

आखाड्यावरचं घर पाडायचं ठरलं, हे दादानं मला फोनवर सांगितलं. मी हिंगोलीत ऑफिसच्या जिन्यात उभा होतो.

"जेसीबीवाल्याशी बोलून ठेवलं. सोयाबीन निघालं की येतो म्हणला. तुला काही बोलायचं असंल तर आत्ता बोल. मागून तोंड पाडून फिरू नको."

"रविवारी येतो," एवढंच मी म्हणालो.

मला बोलायला मुळातच वेळ लागतो. बायको म्हणते, ह्यांच्याकडून उत्तर हवं असेल तर प्रश्न आदल्या वर्षी विचारून ठेवावा. पण त्या दिवशी जिन्यात मी गप्प राहिलो त्याला माझा स्वभाव कारण नव्हता. घर पाडण्यावर आलं होतं ते माझ्यामुळं, आणि हे मला गेली कित्येक वर्षं माहीत होतं.

आमच्या भागात शेतातलं राहतं घर, गोठा, विहीर आणि कडब्याची गंज मिळून जे होतं त्याला आखाडा म्हणतात. आमचा आखाडा शिरड शहापूरच्या अलीकडं. पणजोबांनी निजामाच्या राज्यात बांधलेला. गावातली भावकीची जुनी घरं केव्हाच गेली, हे एकच राहिलं. दगडमातीच्या भिंती इतक्या जाड की खिडकीत माणूस आडवा झोपावा. सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पळसाचा पाला आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. असल्या सपाट मातीच्या छताला माळवद म्हणतात. उजेड यावा आणि धूर जावा म्हणून त्यात मधूनमधून हात जाईल एवढी भोकं ठेवलेली असतात, त्या सवण्या. पूर्वी शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या आमच्याकडं बैल सोडत. त्या लोकांपैकी कुणीतरी बाहेरच्या ओट्याच्या दगडात वाघ-बकरीचा पट कोरून ठेवला आहे. त्या पटावर दादानं मला लहानपणी एकदाही जिंकू दिलं नाही.

माळवदाचं एक असतं. त्याला दरवर्षी मृगाच्या आधी माती लागते. काळी माती चालत नाही, ती उन्हात भेगाळते. गावाच्या जुन्या पांढरीतली, म्हणजे गावठाणातली, माती आणायची, अंथरायची, चोपायची. आमच्या घरात रीत अशी की भावकीतला माणूस कुठंही असो, त्या दिवशी त्यानं यायचं आणि निदान एक टोपलं तरी स्वतः वर न्यायचं. थोरले चुलते शिडीपाशी खुर्ची टाकून बसत आणि कुणाचं टोपलं पडलं, कुणाचं राहिलं ते ध्यानात ठेवत. "ज्याचं टोपलं न्हाई त्यानं पावसाळ्यात आत झोपायचं न्हाई," असं म्हणत. एकदा नव्या जावयानं ही थट्टा समजली. चुलत्यांनी रात्री त्याची बाज खरोखरच अंगणात काढून ठेवली. जावई रुसला नाही, पण पुढच्या वर्षी दोन टोपली टाकून गेला.

मला हा दिवस आवडत नसे, हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो. वैशाखातलं ऊन, मानेत जाणारी माती, आणि जेवताना सगळ्यांनी माझ्या नोकरीची चौकशी करायची. मी बांधकामाच्या एका ऑफिसात कारकून आहे. पण आखाड्यावर माझी गणना इंजिनियरात होती. "त्याला इचारा, त्यो खात्यातला हाय," असं दादा विहिरीच्या कठड्यापासून गव्हाणीपर्यंत कशाबद्दलही म्हणायचा. मी कधी 'नाही' म्हणालो नाही.

तर माझी धाकटी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी मी म्हणालो, "दादा, माळवदावर सिमेंटचा कोबा करून टाकू. वर्षावर्षाची तकलीफ जाईल." दादाला केवढा आनंद झाला. भावानं घराची काळजी घेतली, असं त्यानं गावभर सांगितलं. मी घराची घेतली नव्हती, माझ्या वैशाखातल्या रविवारची घेतली होती. मातीवर जाळी टाकली, जाळीवर कोबा ओतला, आणि गळायला नको म्हणून सवण्यासुद्धा बुजवल्या.

पहिला पावसाळा एक थेंबही गळला नाही. पुढच्या वैशाखात कुणी आलं नाही, कारण यायला काही कामच नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी कुणाला आठवलंही नाही. थोरले चुलते वारले तेव्हा एकदाच सगळे जमले आणि बाहेर मंडपातच बसून गेले.

मग घरात कुबट वास येऊ लागला. ज्वारीच्या पोत्यांना खालून बुरशी आली, एका तुळईला आळंबी फुटली. दादानं वाळवीचं औषध मारलं. मी एकदा ऐन उन्हाळ्यात वर गेलो. कोब्याला बारीक चिरा पडल्या होत्या. एका चिरेत स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर माती ओली निघाली. बाहेर विहिरीनं तळ गाठलेला आणि ही माती भाकरीच्या मळलेल्या पिठासारखी. तेव्हा मला कळलं. उघडी माती पावसात भिजते आणि उन्हात वाळून मोकळी होते. मी तिच्यावर झाकण घातलं होतं. चिरांतून पाणी आत जात होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती. खाली सागाच्या फळ्या ती ओल घेऊन बसल्या होत्या.

मी खाली आलो. दादानं विचारलं, "काय दिसलं?"

वहिनी तिथंच चुलीपुढं होत्या. घराच्या मागच्या कोपऱ्यात, आतच, त्यांची न्हाणी होती. मी त्या कोपऱ्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "न्हाणीचं पाणी भिंतीत मुरून राहिलंय. ते वर चढतंय."

खात्यातला माणूस बोलला. दादानं आठ दिवसांत न्हाणी उखडली आणि गोठ्यामागं पत्रे उभे करून दिले. तिन्ही बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला जुन्या साडीचा पडदा, वर आभाळ. तेव्हापासून वहिनींची अंघोळ तिथं. थंडीत, पावसात, आजारपणात, घरी पाहुणे असताना पहाटे उठून. मी आखाड्यावर जायचो तेव्हा गाडी लावताना ते पत्रे समोर यायचे. मी विहिरीकडं बघत चालायचो. हे मी वर्षानुवर्षं केलं.

त्या रविवारी गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर तुरीची डाळ निवडत होत्या आणि दादा बाजेवर होता. मी म्हणालो, घर पाडू नका, जुनं आहे, पणजोबांचं आहे, असं घर आता तालुक्यात शोधून मिळायचं नाही. बोलता बोलता मलाच ते एखाद्या भाषणासारखं वाटू लागलं.

वहिनींनी मान वर केली नाही. "भाऊजी, तुमी पाहुण्यावाणी येता. तुमाला ते चांगलं दिसतं. सारवते मी. बुरशीचे दाणे निवडते मी. मला पक्कं घर पायजे आन् दार लावून अंघोळ करायची हाय. बाकी पणजोबाचं तुमी दोघं बघा."

"बराबर हाय तिचं," दादा म्हणाला.

तेव्हा मी सांगितलं. कोबा कशासाठी केला, वर काय पाहिलं आणि न्हाणीचं पाणी कधीच मुरत नव्हतं. लांबवलं नाही. लांबवलं असतं तर मध्येच थांबलो असतो.

वहिनींचा हात डाळीत थांबला. "काहून?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर मी वाटेत गाडीवर बरंच जुळवलं होतं. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी म्हणालो, "तुमी उलटून बोलणार न्हाई, हे म्हाईत होतं म्हणून."

त्या उठल्या. सूप घेऊन आत गेल्या. दादा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. मला वाटलं हा मला हाकलून देईल. तो म्हणाला, "मी तरी तिला कुठं इचारलं. कुदळ घेतली आन् गेलो." मान वर करून म्हणाला, "मंग आता?"

"कोबा काढू. लाकूड बघू. लाकूड पार गेलं असंल तर पाड."

आतून वहिनींचा आवाज आला. "पाडायचं का ठेवायचं ते मी सांगीन. लाकूड न्हाई सांगणार."

दादानं माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघंही उगीच उभे राहिलो, शाळेत उभं करतात तसे. मग त्यांनी आतूनच सांगितलं. आधी न्हाणी आणि संडास, पक्के, घराला लागून, आतून दार असलेले. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा. ते झाल्याशिवाय माळवदाला कुणी हात लावायचा नाही. ते झालं की घर बघून काय ते सांगतील.

जेसीबीवाल्याला दादानं कळवलं, आत्ता नको. तो म्हणाला, जुन्या घराचं असंच असतंय, लोक शेवटी बोलवतातच.

मी रजा टाकली. घराला पाच खण, म्हणजे पाच भाग आहेत, त्यातला पश्चिमेचा खण न्हाणीसाठी द्यावा लागला. त्याच्या भिंतीचे दगड काढताना मला वाईट वाटत होतं, हे लपवत नाही. घर वाचवायला आलो आणि पहिला घाव मीच घालत होतो. पण दुसरी जागा नव्हती, आणि वहिनींनी जागा विचारपूर्वक दाखवली होती. उतार तिकडंच आहे, पाणी सरळ केळीला जातं. त्या खणावर छोटा स्लॅब टाकला. भिंतीला कोणत्या रंगाच्या टाईल, कोनाडा किती उंचीवर, नळ कुठं, सगळं त्यांनी ठरवलं.

या काळात त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. अगदीच गरज पडली तर म्हशीशी बोलायच्या. मी टाईल बसवणाऱ्याबरोबर उकिडवा बसलेला असायचो आणि गोठ्यातून ऐकू यायचं, "म्हशी, त्या माणसाला सांग, खालची ओळ वाकडी बसून राहिली." मी ओळ सरळ करायला लावायचो. "म्हशी, चहा झालाय म्हणावं. साखर संपलीय, गूळ घातलाय, नको असंल तर तूच पी." मला वाटतं तो गिलाव्याचा महिना त्या म्हशीला फार मानाचा गेला.

न्हाणी झाली त्या दिवशी त्यांनी गोठ्यामागचे पत्रे स्वतः काढले. आम्हाला हात लावू दिला नाही. पत्रे त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकले. मग मला म्हणाल्या, म्हशीला नाही, मला, "आता काढा तुमचा कोबा."

मशीन लावलं तर हादऱ्यानं भिंती सुटतील म्हणून छिन्नी-हातोड्यानं काढावा लागला. दादा आणि मी समोरासमोर बसून तुकडे उडवत होतो. पन्नाशीतल्या माणसाला छिन्नी काय असते ते दुसऱ्या दिवशी चमचा धरताना कळतं. सिमेंट निघालं तसा खालच्या मातीला वास आला, बंद पेटीचा असतो तसा. माती काढून उन्हात पसरली. तिच्याखाली लाकूड.

मधल्या खणातल्या दोन तुळया गेल्या होत्या. बोटानं दाबलं की चुरा. फळ्यांपैकी बऱ्याच काळ्या पडलेल्या. पण बाकीच्या तुळया ठोकल्यावर खणखणीत वाजत होत्या. मी आणि दादा प्रत्येकीला ठोकून बघत होतो आणि एकमेकांकडं बघत नव्हतो. वहिनी शिडीनं वर आल्या. इतक्या वर्षांत त्यांना माळवदावर चढलेलं मी पाहिलं नव्हतं. माती घालणं पुरुषांचं, सारवणं बायकांचं, अशी आमची वाटणी. त्या सगळ्या तुळयांवरून हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेल्या. बुजवलेल्या सवण्या आम्ही मोकळ्या केल्या होत्या, त्यांतल्या एकीतून वाकून त्यांनी खाली आपलं घर पाहिलं.

"इथून सगळंच दिसतं की," त्या म्हणाल्या. "मी भाजीत मीठ किती घालते ते पण बघत असाल."

मग दादाला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या उभं. पण माती टाकायला मी एकटीनं कुणाची वाट बघायची न्हाई. हे भाऊजी येणार असले तर."

"येईन," मी म्हणालो.

"एका टोपल्यापुरतं न्हाई. पावसानंतर वर गवत उगतं, ते उपटायला पण."

"येईन."

माती कुठून आणायची हा नवा घोर निघाला. जुनी माती थोडीच कामाची उरली होती. गावच्या पांढरीवर आता पाण्याची टाकी आणि घरकुलं झालीत, तिथं कुदळ लावता येत नाही. तेवढ्यात कळलं की गावातले आडतीचे चाचा त्यांचं माळवदाचं घर पाडून स्लॅबचं बांधताहेत. त्यांचे वडील आणि आमचे आजोबा बरोबरीचे. आम्ही गेलो तेव्हा चाचा रस्त्यात खुर्ची टाकून आपलं घर पडताना बघत बसले होते.

दादानं मातीचं विचारलं. चाचा हसले. "तुमचे आजोबा पांढरीतली चांगली चांगली माती आधीच गाडी भरून न्यायचे. आमच्या अब्बाच्या वाटेला उरलेली. अम्मी दरसाल शिव्या द्यायची. आता ही पण तुमीच न्या."

"चाचा, पैसे सांगा."

"मिट्टी का क्या पैसा लेना. लकडी का बोलो." तुळया त्यांनी बसमतच्या व्यापाऱ्याला देऊन टाकल्या होत्या, त्यातल्या दोन आमच्यासाठी बाजूला काढून ठेवल्या. भाव मात्र त्यांनी व्यापाऱ्याचाच लावला आणि घासाघीस केली तेव्हा म्हणाले, "आडत्याकडं आलाय, मामाकडं न्हाई."

ट्रॅक्टर भरताना ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या मुलाला पार्किंग हवं होतं, सुनेला वरचा मजला. त्यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि हे मी त्यांना सांगितलं. आमच्या वहिनींना जे हवं होतं तेच. चाचा म्हणाले, "व्हय रे. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो. बघायला बसलोय फक्त."

वैशाखात मी भावकीत सगळ्यांना फोन केले. मला फोन करणं जमत नाही, त्यामुळं मी फार थोडक्यात बोललो आणि पुष्कळांना वाटलं कुणी गेलं. आले थोडेच. पुण्याचे दोघे आले नाहीत, एकानं व्हिडिओ कॉल केला आणि दादानं फोन उलटा खिशात ठेवला. पण सेनगावचा चुलतभाऊ आला, त्याच्या दोन सुना आल्या, आणि वर टोपली न्यायला त्या सगळ्यांच्या पुढं. रीत मोडली असं कुणी म्हणालं नाही, म्हणणारे चुलते नव्हते, आणि असते तरी वहिनींपुढं म्हणाले नसते. चाचा ट्रॅक्टरबरोबर आले. शिडीची पहिली पायरी चढून त्यांनी एक टोपलं वर दिलं आणि ओट्यावर बसून दादाबरोबर वाघ-बकरीचा डाव मांडला. दादानं त्यांनाही जिंकू दिलं नाही.

चार खण उभे आहेत. घर थंड झालंय. उन्हाळ्यात दुपारी सवण्यांतून उजेडाचे गोल जमिनीवर पडतात आणि हळूहळू सरकत जातात. वास गेला. मी जे केलं ते गेलं, असं म्हणत नाही. वहिनींची ती वर्षं कुठल्या न्हाणीत परत येत नाहीत. त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर त्यांना हो म्हणावं लागेल, आणि तो भार मला त्यांच्यावर टाकायचा नाही.

श्रावणात एका सकाळी त्यांचा फोन आला. आजवर फोन दादाच करायचा.

"भाऊजी, मधल्या खणात गळून राहिलं. हे मोंढ्यावर बाजाराला गेलेत. तुमी या."

मी ऑफिसात कळवलं आणि निघालो. नवी माती पहिल्या वर्षी बसते, कुठंतरी खळगा राहतो, पाणी तिथं वाट काढतं. हे होणारच होतं. पाऊस थांबला होता. चपला खाली काढून मी वर चढलो. माती मऊ होती आणि तिच्यावर गवताचे पहिले कोंभ आले होते. वरून कुठं गळतंय ते कळत नाही, ते फक्त खालच्या माणसाला दिसतं. मी सवणीपाशी गुडघ्यावर बसलो.

"वहिनी, कुठं?"

खालून आवाज आला. "तुमच्या उजवीकडं. अजून. अजून थोडं, विहिरीकडच्या अंगाला."

मी तळव्यानं माती चाचपत सरकलो.

"इथं?"

"न्हाई. अलीकडं. दोन हात मागं या."

"आता?"

"जरा दाबा." मी दाबलं. खाली पातेल्यात थेंब पडल्याचा आवाज मला वर ऐकू आला.

"हाव, तिथंच," त्या म्हणाल्या. "हात काढू नका. मी माती घेऊन येते."